गल्लीतलं मरुत : प्रकल्प नोंदी, सांगली २०२५

११ मे, रविवार

मंडळाची पहिली मिटिंग रात्री साडेनऊला झाली, म्हणजे बोलावली साडेआठला होती. यंदाचा देखावा काय, एवढाच विषय. ऑपरेशन सिंदूर नुकतंच होऊन गेलंय त्यामुळं पोरांचं एकच, राफेल पाहिजे. एकजण म्हणला फ्लेक्सवर राफेल छापू, एकजण म्हणला कापडाचं करू, पिंट्या म्हणला दादा तुझं वर्कशॉप आहे तर पत्र्याचंच कर की. मी म्हणलं कुणी राफेल डोळ्यानं बघितलंय का, मागून कसं दिसतं, चाकं कुठं असतात, पोटाला काय असतं? सगळे मोबाईलमध्ये. मोबाईलमध्ये बघून केलेलं विमान रिक्षाला पंख लावल्यासारखं दिसतं, मागं आपण रथ केला होता त्याची घोडी अजून लोक विसरलेली नाहीत.

मग माझी अट एवढीच की जे विमान आपण सांगलीतनं जाऊन प्रत्यक्ष बघू शकतो तेच बांधायचं. मंजूर. कुठं कुठं बघायला मिळतात त्याची यादी करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून ही वही.

१४ मे, बुधवार

यादी सुरू. जिल्ह्यात आधी चौकशी केली. गंमत बघा, सातारा-सांगलीत सैन्यात माणूस नाही असं गाव सापडायचं नाही. साताऱ्याचं अपशिंगे तर नावानंच अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्यात, २३ जून १९६१ ला सुरू झाली, तिथं शिकलेले प्रदीप नाईक पुढं हवाई दलाचे प्रमुख झाले. कराडला दर डिसेंबरला विजय दिवस होतो, कर्नल संभाजीराव पाटलांनी सुरू केलेला, ७१ च्या विजयाचा, त्याला गर्दी लोटते. आणि विमान बघायचं म्हणलं तर आपल्याकडं काय, कवलापूरची विमानतळाची जागा. तिथं विमान सोडून सगळं दिसतं.

व्हॉट्सॲपवर तीन जणांनी अहिल्यानगरचं म्युझियम सुचवलं. ते रणगाड्यांचं आहे बाबांनो. एक नंबर आहे, १९९४ चं, जरूर बघा, पण रणगाडा उडत नाही.

१८ मे, रविवार

आज आप्पांकडं गेलो, तासगावच्या पुढं त्यांचं गाव, पिंट्याच्या आईचे मामा. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या अंगाची देखभाल-दुरुस्ती करणारे, जोधपूरला बरीच वर्षं. मी राफेलचा विषय काढला तर म्हणाले, "राफेल चांगलंच आहे रं, पण ते इकत आणलेलं. मरुत म्हाईत हाय का?"

मला मारुती माहीत, मरुत नाही. खरंच सांगतो. मग अर्धा तास आप्पा आणि चहा. एचएफ-२४ मरुत, भारतात तयार झालेलं पहिलं लढाऊ जेट, एचएएल या सरकारी विमान कंपनीनं बंगळूरला केलं. डिझाईन करणारा जर्मन माणूस, कुर्ट टँक, दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे विमान त्याचंच, तो १९५६ ला बंगळूरला आला. आधी याच आकाराचं लाकडाचं ग्लायडर करून उडवून बघितलं, मग १७ जून १९६१ ला खरं विमान उडालं, चालवायला सुरंजन दास. (म्हणजे साताऱ्याची सैनिक स्कूल उघडायच्या सहा दिवस आधी. कुणीतरी तिथल्या पोरांना सांगा.) सगळी मिळून १४७ बनली. ७१ च्या लढाईत राजस्थानच्या बाजूनं लढली. मी लोंगेवाला म्हणलं तर आप्पांनी लगेच थांबवलं, "लोंगेवाला म्हंजे हंटर इमानं, जैसलमेरची. ज्याचं त्याला द्यावं."

आणि मग घरी येताना डोक्यात आलं की एचएएल म्हणजे आधीची हिंदुस्तान एअरक्राफ्ट, ती काढली वालचंद हिराचंद यांनी, डिसेंबर १९४० मध्ये. विश्रामबागचं आपलं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं! मी त्या कॉलेजच्या गेटवरनं दिवसातनं चारदा जातो, समोर वडा खातो. सांगलीत मरुत बांधायला यापेक्षा मोठं कारण नको.

१९ मे

पिंट्याला सांगितलं. "राफेल कॅन्सल?" एवढंच विचारलं आणि ग्रुपवर रडायची इमोजी टाकली.

२५ मे, रविवार — पुणे

पहाटे पाचला निघालो, मी, पिंट्या, आप्पा आणि माझी भाची सई, वय ११. पाऊस. यंदा पावसानं मे मध्येच ठाण मांडलंय, उन्हाळा कुठं गेला कळलंच नाही. कराडला प्रीतिसंगमावर थांबलो कारण आप्पांना यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला हात जोडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. देवराष्ट्र्याचा माणूस, ६२ ला चीनच्या मारानंतर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेला. आप्पा सांगत होते, १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा हवाई दलप्रमुख अर्जन सिंग परवानगी मागायला आले आणि चव्हाणांनी तिथल्या तिथं हो म्हणून सांगितलं, संध्याकाळी व्हॅम्पायर आणि मिस्टेअर विमानं गेली. चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. सई म्हणाली, मग परवानगी द्यायला नको होती का? आप्पा गप्प झाले, मग म्हणाले, "बाळ, तवा आपल्याकडं तीच हुती."

पुण्यात पहिलं कॅम्पातलं राष्ट्रीय युद्ध स्मारक, घोरपडीच्या बाजूला. हे लोकांच्या वर्गणीतनं उभं राहिलंय, १९९८ साली. वर्गणी हा शब्द ऐकल्यावर पिंट्याला एकदम आपुलकी वाटली. तिथं मिग-२३ बीएन आहे, कारगिलला वापरलेल्यांपैकी. आणि आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेची प्रतिकृती, गोवा मुक्तीच्या वेळची.

मिग-२३ बद्दल लिहितो कारण हे फोटोत कळतच नाही. एक तर ते मोठं आहे, आपल्या डोक्यात लढाऊ विमान म्हणजे चपळ छोटं काहीतरी असतं, हे म्हणजे उसाच्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर. दुसरं, पंख हलतात. म्हणजे उडताना पायलट पंख मागं घेऊ शकतो, १६ अंश, ४५ अंश आणि ७२ अंश अशा तीन जागा. उतरताना पसरायचे, वेगात जाताना मिटायचे, घारीसारखं. मी वेल्डर माणूस, माझं लक्ष त्या पंखाच्या सांध्याकडं, एवढा भार एका खिळीवर फिरवायचा म्हणजे काय मटेरियल असेल, काय मशीनिंग असेल. पिंट्यानं माझे चार फोटो काढले, चारीत मी पोटाखाली वाकून बघतोय. नाक बघा, पुढं उतरतं आहे, बदकाच्या चोचीसारखं, कारण हे जमिनीवर मारा करायचं विमान, पायलटला खाली दिसायला पाहिजे. ६ मार्च २००९ ला हवाई दलातनं ही सगळी निवृत्त झाली.

हे बांधायचं का असं पिंट्यानं विचारलं. हलणारे पंख करतो म्हणला, मोटर लावून. मी म्हणलं मागच्या वर्षीचा हत्तीचा कान आठव. गप्प.

दुपारी एरंडवण्यात कमला नेहरू पार्क. आणि तिथं मरुत! बागेत पोरं खेळतायत, आज्ज्या गप्पा मारतायत, बाहेर भेळ, आणि मध्ये भारताचं पहिलं लढाऊ जेट. आप्पा गाडीतनं उतरले ते काठी न घेताच. जवळ गेले, काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी एकदम सुरू झाले, हे पॅनल इथनं उघडायचं, इथं हात घातला की ढोपर सोलायचं, उन्हाळ्यात जोधपूरला पत्रा एवढा तापायचा की पोतं टाकून बसायला लागायचं. शेजारी एक काका पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपर मिटला आणि ऐकत बसले. म्हणाले मी वीस वर्षं इथं येतोय, हे मिग आहे असंच समजत होतो.

आता कामाचं. टेप लावून मोजू का विचारलं तर नको म्हणाले, बरोबरच आहे. मग सईच्या हातात चार फुटी काठी दिली, एक-एक फुटावर लाल पट्टे मारलेली, तिला विमानाशेजारी उभं करून चारी बाजूनं लांबनं फोटो घेतले. काठीवरनं बाकीचं माप काढता येतं. छापील मापं आहेतच, लांबी १५.८७ मीटर, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ९ मीटर. पण छापील मापात गोलाई कळत नाही, ती फोटोवरनं.

निरीक्षणं, घाईत लिहिलेली: नाक लांब आणि टोकदार. तोफा चार, ३० मिलिमीटरच्या, नाकाच्या दोन्ही बाजूला दोन-दोन. हवा आत घ्यायची तोंडं दोन बाजूला, अर्धगोल, आणि प्रत्येकात अर्धा शंकू बसवलेला. मागं दोन नळकांडी चिकटून, कारण इंजिनं दोन. आणि कंबर! मधे बारीक आहे. हे मी आधी कुठल्याच फोटोत बघितलं नव्हतं.

भेळ खाऊन निघालो. खंबाटकीत ट्रॅफिक, घरी साडेअकरा.

१ जून

हिशोब. आमची गल्ली, रिक्षा आणि नळाची कट्टी सोडून, मांडवाला १८ फूट रुंद मिळते. खरं मरुत साडेएकोणतीस फूट. निम्म्या मापात केलं तर पंख पावणेपंधरा फूट आणि लांबी २६. बसतंय. लांबी जरा जास्त होते, शेपूट जोशीकाकूंच्या दारासमोर जाणार. काकूंना विचारायला पिंट्याला पाठवलं. काकू म्हणाल्या, "शेपटाखालनं मला दुधाची पिशवी आणायला जाता आलं पाहिजे." नोंद केली, मागची चाकं उंच.

नॅट या छोट्या लढाऊ विमानाचा पर्यायही होता म्हणून लिहून ठेवतो. नॅट एवढंसं आहे की पंख जेमतेम २२ फूट, लांबी पावणेएकोणतीस. ६५ ला त्यानं पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, ७१ ला श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों नॅटमधूनच एकटे लढले, हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र. विमान म्हणून मला नॅट जास्त आवडतं. पण जवळपास जाऊन बघितल्याशिवाय बांधायचं नाही ही अट माझीच.

८ जून, रविवार

वरळीला ताईचा मुलगा असतो, त्याला नेहरू सायन्स सेंटरला पिटाळलं, तिथंही मरुत आहे. त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि मी त्याला विमानाभोवती फिरवला, अजून खाली, अजून खाली, वाक की. पोटाचे आणि चाकांच्या दरवाज्यांचे फोटो मिळाले. तो म्हणला मामा लोक माझ्याकडं बघतायत. बघू देत.

यादीत भर: बंगळूरला विश्वेश्वरय्या म्युझियमच्या बाहेर मरुत आहे, आणि एचएएलचं स्वतःचं म्युझियम २००१ पासून. मिरजेतनं रात्रीची गाडी मिळते, पण मंडळाच्या खर्चात बसणार नाही, खजिनदारानं आधीच भुवई उचलली.

२२ जून, रविवार

सांगाडा सुरू. एक इंची स्क्वेअर पाईप, कड्या दहा एमएमच्या बारच्या. कुपवाडला वर्कशॉपमध्ये रविवारीच काम होतं, बाकी दिवस पोटापाण्याचं, ट्रॉल्या आणि ग्रील. पहिल्यांदा मी सरळ नळा केला, सगळ्या कड्या सारख्या, नाकाकडं आणि मागं निमुळत्या. आप्पांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पान्याची टाकी झाक झालीया."

चूक माझी, वहीत कंबर लिहिली होती आणि कडी वाकवताना विसरलो. ती कंबर शोभेची नाही. विमान आवाजाच्या वेगाजवळ जायला लागलं की हवेला पंख वेगळा आणि धड वेगळं असं नसतं, एका जागी दोन्ही मिळून किती जागा अडवलीय एवढंच तिला कळतं. पंख जिथं सुरू होतात तिथं एकदम जाडी वाढली की ओढ वाढते, म्हणून तिथं धड बारीक करायचं, बेरीज सारखी ठेवायची. तालमीतल्या पैलवानासारखं, छाती भरदार आणि कंबर आवळलेली. सहा कड्या कापल्या, परत वाकवल्या. ग्राइंडरची दोन चाकं गेली.

६ जुलै, आषाढी एकादशी

काम बंद. साबुदाणा खाऊन आप्पांशी फोनवर इंजिनाचं बोललो, ते इथं लिहितो कारण माहितीच्या बोर्डवर टाकायचंय.

मरुतचं दुखणं इंजिन. अंग असं केलं होतं की आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आसपास जावं, पण तसं इंजिन मिळालंच नाही. ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीच्या ऑर्फियस इंजिनाचं मोठं रूप यायचं होतं, त्याच्या विकासाचे पैसे आपल्याकडनं दिले गेले नाहीत, मग नेहमीची ऑर्फियस ७०३ दोन बसवली. नॅटमध्ये त्याच घरातलं एक इंजिन होतं. मग इजिप्तच्या इंजिनावर प्रयत्न झाला, एक मरुत तिकडं पाठवलं, तेही फसलं. जास्त जोराच्या इंजिनाची चाचणी करताना सुरंजन दास १० जानेवारी १९७० ला गेले, ज्यांनी पहिलं उड्डाण केलं तेच. माझ्या भाषेत, अंग सोनालिकाचं आणि इंजिन लूनाचं. पण आप्पांना हे बोललेलं आवडलं नाही. ते म्हणाले खालनं उडताना त्याच्याइतकं गुळगुळीत विमान नव्हतं, आणि दोन इंजिनं होती म्हणून ७१ ला एक बंद पडूनसुद्धा परत आलेली आहेत. "आमी खाली उभं ऱ्हाऊन मोजायचो. गेली किती, आली किती." हे ते दोनदा म्हणाले.

चारी तोफा एकदम चालवल्या की अख्खं विमान हादरायचं, हाही त्यांचाच किस्सा, म्हणून दोनच चालवायचे.

१३ जुलै, रविवार — वास्को

खरं तर आम्ही सोमवारची तिकिटं काढणार होतो, गर्दी कमी म्हणून. सईनं सांगितलं मामा सोमवारी बंद असतं. अकरा वर्षांच्या पोरीनं मंडळाचे पैसे वाचवले, त्याबद्दल तिला समितीत घेतलंय.

गोवा एक्स्प्रेस सातारा-कराड-सांगली-मिरज करत जाते, रात्री बसलं की सकाळी वास्को. स्टेशनवरनं बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान म्युझियम, १९९८ चं. सांगली-साताऱ्याच्या माणसानं एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हे सांगेन. पुण्यात एकेक विमान आहे, इथं रांगच. आणि उघड्यावर, त्यामुळं चारी बाजूनं फिरता येतं, पावसात भिजत फिरलो.

सी हॉक, विक्रांतवरनं उडणारं, डिसेंबर ७१ ला चितगाव आणि कॉक्स बाजारवर याच जातीची विमानं गेली. मागं खाली हूक आहे, म्हशीच्या दाव्याच्या खुंट्यासारखा, जहाजावर उतरताना तो तारेत अडकतो आणि विमान थांबतं. धावपट्टी संपायच्या आत! अलिझे, पंख्याचं, पाणबुडी शोधायचं. सी हॅरियर, जागेवरनं सरळ वर उठणारं, ते ११ मे २०१६ ला निवृत्त झालं, त्याच्या नळ्या फिरतात, दोन पुढं दोन मागं, पिंट्यानं खाली बसून बघितलं आणि परत मोटर-मोटर सुरू केलं. सीलँड, पाण्यावर उतरणारं, खालनं होडीसारखं. कामोव्ह हेलिकॉप्टर, दोन पंखे एकावर एक.

सगळ्यात मोठं सुपर कॉन्स्टेलेशन. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, नाव राणी ऑफ एलोरा, मग हवाई दलाकडं आलं, तिथनं १९७६ ला नौदलाकडं, समुद्रावर नजर ठेवायला. शेपटीला तीन उभी पाती. पाठ माशासारखी वाकलेली, एक सरळ रेघ नाही अंगात. सई म्हणाली हे बाकीच्यांच्या आईसारखं दिसतंय.

पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो व्हॅम्पायरपाशी. दोन सीटचं, शिकायचं. मोठ्या माणसांची गर्दी तिथं नव्हतीच. ६५ ला छांबला गेलेली एका सीटची होती पण घराणं हेच. आणि आप्पांनी फोनवर सांगितलं म्हणून कळलं, त्याचं पुढचं अंग, जिथं पायलट बसतो ते, प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं असतं. जेट विमान, लाकडाचं! आम्ही महिनाभर भांडतोय की मरुतच्या नाकाला प्लाय लावलं तर लोक हसतील. लावा आता बिनधास्त.

मग जरा शांत झालो. कराडला समाधीपाशी सईनं विचारलं होतं ते आठवलं. लाकडाच्या डब्यात बसून रणगाड्यांवर गेलेली माणसं. सई तिथंच शेजारी उभी होती, तिला मी हे सांगितलं नाही, तिनं तोपर्यंत बोर्ड वाचला होता.

२७ जुलै

सुटे भाग, पटापट. हवेच्या तोंडातले अर्धे शंकू: रस्त्यावर ठेवतात तो जुना प्लॅस्टिकचा कोन, भंगारात ४० रुपयाला, उभा चिरला की दोन बरोबर निघतात. कॉकपिटची काच: वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा अर्धा भाग, हीटगननं ताणलेला, तिसऱ्या जारला जमला. मागची नळकांडी: रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या, तळ कापून. नाकाच्या पुढची सळई: जुन्या टीव्ही अँटेनाची. थर्माकोल नाही, बंदीच आहे, आणि नसती तरी वापरला नसता. धडावर पुठ्ठा, त्यावर कापड आणि खळ.

१० ऑगस्ट, रविवार

खळ वाळेना. हवाच दमट. हॅलोजन लावून ठेवले, सकाळी कापडावर मुंग्या. खळीत गव्हाचं पीठ घालायची कल्पना कुणाची होती ते इथं लिहीत नाही, तो रोज ही वही वाचतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कृष्णेचं पाणी चढतंय. गल्लीत सगळे मोबाईलवर आयर्विन पुलाचा आकडा बघतायत, ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं बारक्या पोरालाही पाठ. मांडवाचं काम थांबवलं. विमान कुपवाडला आहे तिथं पाणी येत नाही पण आणायचं कधी? २०१९ ला ५७ फूट झालं तेव्हा मंडळाची अख्खी पेटी गेली होती, ढोल सुद्धा. आज कुणाचंच लक्ष लागत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पाणी उतरायला लागलं. रात्री अकराला टेम्पोनं विमान आणलं, पंख वेगळे, धड वेगळं. शंभरफुटी रस्त्यावर पोलिसांनी थांबवलं, काय आहे म्हणले, पिंट्या म्हणला मरुत. मारुती? नाही साहेब, मरुत. मग त्यांनी पण फोटो काढला.

रंग दिला, हिरवा-तपकिरी, आप्पा म्हणाले ७१ ला असाच होता. पेंटरनं हौसेनं पंखावर गोल काढले, झकास, तकतकीत. सकाळी आप्पा आले, बघितलं आणि म्हणाले, "ह्ये कुठल्या देशाचं?" गोल उलटा! आपल्या हवाई दलाचा गोल बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. यानं बाहेर हिरवा, आत केशरी. चारी ठिकाणी. पेंटर म्हणला झेंड्यात तर केशरी वर असतो म्हणून मी आत, मला त्याचं लॉजिक अजून कळलेलं नाही. पुसून परत.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

बसलं. बाप्पा मधे, विमान वर तिरपं, नाक थोडं वर. काकू शेपटाखालनं दूध आणायला गेल्या, पदर कुठं अडकला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

गर्दी. बऱ्याच लोकांना मिग वाटतं, काहींना राफेल, एका आजोबांनी पुष्पक विमान म्हणून हात जोडले. पण बोर्ड वाचतायत. आम्ही एक बोर्ड विमानाच्या माहितीचा आणि एक "खरी विमानं कुठं बघाल" असा लावला होता, कमला नेहरू पार्क, घोरपडीचं स्मारक, वरळी, बोगमाळो (सोमवारी बंद, हे मोठ्या अक्षरात), बंगळूर. दुसऱ्या बोर्डचे फोटो लोक जास्त काढतात. वालचंदची चार पोरं आली होती, इंजिनीअरिंगची, त्यांना वालचंद हिराचंद आणि एचएएलचं माहीत नव्हतं. त्यांनी बोर्डासमोर सेल्फी काढला. एकानं मात्र कंबर ओळखली, एरिया रूल म्हणला (त्या बारीक कंबरेच्या नियमाचं हे इंग्रजी नाव), तेव्हा मला गहिवरून आलं, सहा कड्या आठवल्या.

आप्पा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात. कुणी विचारलं तरच बोलतात.

७ सप्टेंबर

काल विसर्जन. खर्च ठरल्यापेक्षा ६,२०० रुपये जास्त, त्यात ग्राइंडरची चाकं, जार आणि पेंटरची दुसरी फेरी. खजिनदाराला सांगितलं की मुंग्यांचा खर्च वेगळा धरू नको.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासूनचं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, ग्राइंडर बंद ठेवून. यातली बरीच आपल्या नाशिकला ओझरला बनलेली. पिंट्याचा लगेच मेसेज, पुढच्या वर्षी मिग-२१. म्हणलं बनवू, आता निवृत्त झालीयत तर कुठं ना कुठं चौकात उभी राहतील, आधी मोजायला एक शोध. यादीची वही त्याच्याकडं दिली.

सांगाडा कापला. पाईप परत वापरात आले, एका शाळेच्या सायकल स्टँडला. पंख गच्चीवर. नाक आणि जारची काच आप्पांनी मागून घेतली, टेम्पोचं भाडं पण त्यांनीच दिलं, गोठ्याच्या दारावर लावलंय म्हणतात. म्हशी पहिले दोन दिवस आत जायला तयार नव्हत्या.